कौशल्याबाईंचं शासनमान्य नैराश्य

कौशल्याबाई गिऱ्हे यांना नैराश्य आलं ते रीतसर, शासनाच्या कार्यपद्धतीनुसार आणि स्वखुशीनं. त्याआधी त्यांना फक्त एचआयव्ही होता.

'फक्त' हा शब्द त्यांचाच. देऊळघाटला त्यांचा वांगी-मेथीचा मळा होता. नवरा रंगराव गेला तो जाताना हा आजार ठेवून गेला. पहिलं वर्षभर कौशल्याबाई रडल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की रडल्यानं वांग्यावरची कीड जात नाही, आणि गोळ्या वेळेवर खाल्ल्या तर हा आजार सासरच्या पाहुण्यासारखा ओसरीवर बसवून ठेवता येतो. तेव्हापासून त्या गोळ्या खात, मळा करत आणि चार घरं ऐकू जाईल असं हसत.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागल्या, त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. देऊळघाटच्या माणसाला बुलढाणा हाकेच्या अंतरावर. पण बुलढाण्याच्या बाजारात निम्मं देऊळघाट बसलेलं असतं, म्हणून कौशल्याबाईंनी मुद्दाम दोन एसट्या बदलून लांबच्या एका गावचा दवाखाना धरला. तिथं पहिल्याच दिवशी गावातली दोन माणसं भेटली. तीही याच हिशेबानं आली होती. तिघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही आणि परतताना एकाच एसटीत एकाच बाकावर बसून आले.

या दवाखान्यात गोपनीयता फार कडक होती. एचआयव्हीच्या औषधांची खोली कुठली हे कुणाला कळू नये, म्हणून तिच्यावर पाटी लावलेली नव्हती. सबंध दवाखान्यात पाटी नसलेली खोली ती एकच. त्यामुळे नवा माणूस फाटकाशी घुटमळला की चहावाला आपण होऊन सांगे, "बिनपाटीची ना? तिकडून, उजव्या हाताले."

अशात शासनाच्या लक्षात आलं, की ज्याच्या शरीराला हा आजार आहे त्याला मनही असतं. आजवर शरीर तळमजल्यावर तपासलं जाई आणि मन जिल्ह्याच्या ठिकाणी. मन घेऊन तिथपर्यंत कुणी पोचत नसे. आता दोन्ही एकाच छपराखाली आणि एकाच फेरीत तपासायची असं ठरलं. कल्पना उत्तम होती. चांगल्या कल्पनेला अंमलबजावणीपासून वाचवण्याची सोय मात्र आपल्याकडे अजून झालेली नाही.

कार्यपद्धती अशी: मनाच्या डॉक्टर शारदा सावजी महिन्यातून एका मंगळवारी येतील. पण कुणीही उठून त्यांच्याकडे जायचं नाही. आधी समुपदेशक मार्तंड राजूरकर खिडकीतून प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारतील आणि उत्तरांना गुण देतील. ज्याचे गुण भरतील तोच उदास, आणि उदास तोच आत.

मार्तंडराव मनानं चांगले, पण हुकमाचे ताबेदार. पहिल्या मंगळवारी त्यांनी घसा साफ करून वाचलं, "गेल्या पंधरवड्यात आपणास दैनंदिन कृतींमध्ये स्वारस्य अथवा आनंद यांचा अभाव जाणवला काय?"

खिडकीपुढचे साखरखेर्ड्याचे मोतीराम बुवा मागे वळून पाहू लागले. आपल्यामागं कुणी मोठा अधिकारी उभा असेल आणि त्याला विचारत असतील, असं त्यांना वाटलं.

"तुम्हालाच विचारतो आहे, बुवा."

"मले? मंग मराठीत इचारा ना, साहेब."

रांग लांब होती, मागून हाकाटी चालली होती. मार्तंडरावांनी सगळ्या प्रश्नांचा मिळून एक प्रश्न केला. "म्हणजे, बरं आहे ना?"

"बरं हाय."

आता आमच्या मुलखात या प्रश्नाला उत्तर एकच आहे. घराला आग लागलेली असो, दारावरून जाणाऱ्यानं 'बरं हाय ना?' विचारलं तर आधी 'बरं हाय' म्हणायचं आणि मग बादली मागायची. माणूस खाटेवर शेवटचे श्वास मोजत असला तरी भेटायला आलेल्याला हेच सांगतो. त्यात खोटेपणा नाही, ती रीत आहे. त्या रीतीप्रमाणे रांगेतल्या प्रत्येकानं 'बरं हाय' सांगितलं आणि मार्तंडरावांनी प्रत्येकापुढं शून्य लिहिलं.

वर शून्य पोचलं आणि तिथून पत्र आलं. "आपल्या केंद्रात नैराश्य निरंक आहे, ही बाब गंभीर आहे. शेजारील केंद्रांनी आपापले नैराश्य वेळेत सादर केले असताना आपल्याकडील रुग्ण आनंदी का आहेत, याचा खुलासा करावा. पुढील फेरीतही नैराश्य न आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञांची भेट बंद करून ती गरजू केंद्रास देण्यात येईल."

हे पत्र वाचल्यापासून मार्तंडरावांची झोप उडाली, भूक मेली आणि कामात लक्ष लागेना. त्यांनी सहज म्हणून स्वतःला ते प्रश्न विचारून पाहिले तर गुण भरघोस आले. पण ते कर्मचारी होते. त्यांचं नैराश्य धरण्याची तरतूद नव्हती.

इकडे कौशल्याबाईंच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. त्याचं नाव प्रेमला.

प्रेमला पिंपळगाव राजाची, पंचविशीतली पोर. नवरा गेलेला, मूल नाही, सासरी ओसरीवर एक कोपरा. वर्षापूर्वी रांगेत कौशल्याबाईंच्या मागं उभी राहिली आणि तेव्हापासून दोघी बाकावर बसून डबा खात. अलीकडे प्रेमला डबा उघडेनाशी झाली होती. बोलेनाशी झाली होती. गेल्या खेपेला एसटी स्टँडवर ती एकदम म्हणाली, "मावशी, ह्या गोळ्या खाऊन तरी काय करायचं? मी रोज नाई खात आता." आणि लगेच एसटी आली म्हणून चढून गेली. कौशल्याबाई स्टँडवर उभ्याच राहिल्या. ही पोर आपल्या डोळ्यांदेखत सुटून चालली आहे, हे त्यांना कळलं. महिनाभर मळ्यात त्यांचं हसू कुणाला ऐकू आलं नाही.

पुढच्या फेरीच्या मंगळवारी त्या प्रेमलाला हाताला धरूनच खिडकीशी गेल्या. "साहेब, हिले मनाच्या डॉक्टरीणबाईकडं पाठवा."

मार्तंडरावांचा चेहरा उजळला. "या, या! काय ताई, बरं आहे ना?"

मागं रांग, पुढं खिडकी, खिडकीत परका पुरुष. प्रेमला पायाच्या अंगठ्याकडं पाहत म्हणाली, "बरं हाय."

मार्तंडरावांचा हात शून्याकडं वळला. कौशल्याबाई खवळल्या. "अहो, तिच्या तोंडाकडं पाहा ना! हे बरं असल्याचं तोंड हाय?"

"मावशी, मला तोंड दिसतं हो. पण तोंडाला गुण देता येत नाहीत, उत्तराला द्यावे लागतात." मार्तंडराव हळूच म्हणाले, "आणि खरं सांगू का, आज एकही उदास सापडला नाही तर पुढच्या महिन्यापासून डॉक्टरच यायच्या नाहीत."

"एकही नाई सापडला?"

"एकही नाही."

कौशल्याबाईंनी पदर खोचला. "लिहा मंग. मी उदास हाय."

"तुम्ही?" मार्तंडरावांना ठसका लागला. "मावशी, तुम्ही हसता ते एक्स-रेच्या खोलीत ऐकू येतं!"

"तुमच्या प्रश्नात हसण्याचा प्रश्न हाय का?"

मार्तंडरावांनी कागद उलटसुलट पाहिला. "नाही."

"मंग इचारा."

त्यांनी विचारलं. झोप लागत नाही का? "कुठून लागन? मोटारीले लाईट रात्रीच येते, पाणी काय दिवसा देऊ?" भुकेत बदल? "सून आल्यापासून हाय ना! तिच्या हातचं वरण एकदा खाऊन पाहा." थकवा? "मेथीच्या जुड्या बांधून पाहा, मंग इचारा." कशात लक्ष लागत नाही? "सून बोलते तवा अजिबात लागत नाई." एकेक उत्तर शंभर नंबरी खरं होतं आणि एकाचाही नैराश्याशी काडीचा संबंध नव्हता. गुण मात्र भरत चालले. रांगेतले लोक कान टवकारून पुढं सरकले.

शेवटचा प्रश्न आला. मार्तंडरावांनी आवाज खाली आणला. "जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का?"

कौशल्याबाईंच्या पदराचं टोक मागून कुणीतरी गच्च धरलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. या उत्तरात थट्टा नव्हती. "येते, साहेब," त्या म्हणाल्या. "रोज येते. सांगावं तरी कोणाले, म्हणून कोणाले सांगत नाई."

मार्तंडरावांनी लिहून घेतलं आणि बेरीज केली. पैकीच्या पैकी! जन्मात शाळेचं तोंड न पाहिलेल्या कौशल्याबाई पहिल्याच परीक्षेत केंद्रात पहिल्या आल्या.

"पण एक अडचण आहे," मार्तंडराव म्हणाले. "गुण इतके जास्त असले तर रुग्णानं एकटं आत जायचं नाही. आजार माहीत असलेलं एक माणूस सोबतीला हवं. आहे कुणी?"

"हे काय उभी हाय." कौशल्याबाईंनी प्रेमलाला पुढं ओढलं.

"नातं काय लिहू?"

"बहीण लिहा. एका गुरूच्या त्या गुरुबहिणी. आमच्या एका खिडकीच्या गोळ्या. गोळीबहीण लिहा."

मार्तंडरावांनी 'बहीण' एवढंच लिहिलं.

डॉ. शारदा सावजी दुसरी फेरी आली तरी रिकाम्या बसून कंटाळल्या होत्या. त्यांनी कौशल्याबाईंचे गुण पाहिले, मग कौशल्याबाईंना पाहिलं, मग पुन्हा गुण पाहिले. बाई हुशार होत्या. त्यांनी रुग्णाला काही न विचारता सोबतीला विचारलं, "तुम्ही बहीण ना? मग तुम्हीच सांगा, यांना काय होतं?"

बाई घड्याळाकडं न पाहता थांबल्या. आणि मग प्रेमला बोलू लागली.

"तिले सकाळी उठूच वाटत नाई, बाई. उजाडलं की वाटते, काऊन उजाडलं. भाकर तोंडात फिरत राह्यते, गिळत नाई. सासूबाई तिचं ताट येगळं ठेवते, त्याचं काई नाई, पण ताट घासताना तोंड फिरवते. ते लागते तिले. भिंतीकडं पाहत पडून राह्यते. गोळ्यांची डबी हातात घेते अन् ठेवून देते. तिले वाटते, आपण गेलो तं कोणाचं काई आडणार नाई."

कौशल्याबाईंच्या सासूला जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. डोळे मात्र वाहत होते, आणि त्या दिवशी त्या खोलीत त्या खरोखरच उदास होत्या.

"मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा डबा खायचा राहिला असेल. बाहेर बसून निवांत खा. तुमच्या बहिणीशी मला बोलायचं आहे."

मार्तंडराव दाराशी अडखळले. रुग्ण बाहेर आणि सोबत आत, हे कोणत्या नियमात बसवायचं? पण कार्यपद्धतीच्या अगदी शेवटी एक वाक्य होतं: 'रुग्णाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीच्याही मनाची काळजी घ्यावी.' कुणा साहेबानं ते पान भरावं म्हणून घातलं असावं. डॉ. सावजींनी ते कामाला लावलं. तेव्हापासून दर महिन्याच्या त्या मंगळवारी कौशल्याबाई रुग्ण म्हणून बाहेर बसून ठेचा-भाकर खात आणि प्रेमला सोबत म्हणून आत उपचार घेई. बोलणं होई, मनाच्या गोळ्या मिळत, एचआयव्हीच्या गोळ्या का सोडायच्या नाहीत तेही त्याच टेबलावर समजावलं जाई. शासनाला हवं होतं ते अगदी जसंच्या तसं घडत होतं. फक्त ते भलत्याच बाईच्या नावावर चढत होतं.

चौथ्या महिन्यात प्रेमलानं बाकावर डबा उघडला आणि कौशल्याबाईंच्या ठेच्याला नाव ठेवलं. "मावशी, मीठ काय मळ्यातच इसरल्या?" कौशल्याबाईंनी त्या आनंदात आख्ख्या रांगेला भाकर वाटली.

पण कौशल्याबाई आता साधीसुधी असामी राहिल्या नव्हत्या. सबंध भागातलं सर्वांत जास्त गुणांचं नैराश्य त्यांचं. ते पाहायला वरून साहेब निघाले. सोबत फोटोवाला होता.

"रुग्णाचा चेहरा दिसता कामा नये," साहेब म्हणाले. "गोपनीयता."

कौशल्याबाईंना खिडकीकडं तोंड करून बसवण्यात आलं. फोटोवाल्यानं पाठमोरा फोटो काढून दाखवला. साहेब नाराज झाले. "यात नैराश्य कुठं आहे?"

"साहेब, पाठीवर कसं दिसणार?"

"दिसलं पाहिजे. बाई, जरा खांदे पाडा."

जन्मभर डोक्यावर भाजीची पाटी वाहिलेले ते खांदे पडायला तयार होईनात. मार्तंडराव कानाशी लागले, "मावशी, काहीतरी दुःखाचं आठवा." कौशल्याबाईंनी सुनेचं वरण आठवलं आणि त्यांना इतकं हसू आलं की खांदे गदगदा हलू लागले. "वा! हुंदका!" साहेब ओरडले. "काढ, काढ!" तो फोटो पुढं वार्षिक अहवालावर छापून आला.

इथवर सगळं नीट पार पडलं होतं. साहेब जीपमध्ये बसले. बसता बसता, जाणारा माणूस म्हणतो तसं, ते म्हणाले, "काय मावशी, बरं आहे ना?"

"बरं हाय, साहेब," कौशल्याबाई म्हणाल्या.

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण जिभेला हाड नसतं आणि सुटलेला शब्द जीपमागं धावून परत आणता येत नाही. साहेबांनी तिथंच नोंद केली. आठवड्यात पत्र आलं: "रुग्ण पूर्ण बरी. केंद्राचे हार्दिक अभिनंदन. आता आपल्याकडे नैराश्य शिल्लक नसल्याने मानसोपचारतज्ज्ञांची येत्या मंगळवारची भेट अखेरची समजावी."

"मले पुन्हा उदास करा, साहेब!" त्या अखेरच्या मंगळवारी कौशल्याबाईंनी मार्तंडरावांना गळ घातली. "पोरगी आत्ता कुठं माणसात आली. डॉक्टरीणबाई म्हणते, औषध मधीच सोडायचं नाई."

"नाही करता येत हो, मावशी. बऱ्या झालेल्या रुग्णाला वर्षभर बरंच राहावं लागतं. तसा नियम आहे."

कौशल्याबाईंना बाकावर बसवेना. आपल्या एका 'बरं हाय'नं पोरीचं वाटोळं केलं, असं त्यांना वाटत राहिलं. प्रेमलाला त्यांनी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. प्रेमला उठली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

तिचा नंबर आला. मार्तंडरावांनी सवयीनं मान खाली घालून विचारलं, "बरं आहे ना?"

"नाई."

मार्तंडरावांचा हात शून्यावर जाता जाता थबकला. खिडकीशी असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं.

"मले बरं नाई, साहेब," प्रेमला म्हणाली. आवाज बिनपाटीच्या खोलीपासून फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढा होता. "आधी लय खराब होतं, आता जरा कमी हाय. पण मले बरं नाई. इचारा तुमचे प्रश्न, मी सांगतो एकेक. अन् सोबतीले हे माही मावशी हाय. तिले माह्यं सगळं ठाऊक हाय."

मार्तंडरावांनी या वेळी प्रश्नांचा एक प्रश्न केला नाही. सगळे विचारले आणि प्रत्येक उत्तरापाशी थांबले. प्रेमला आत गेली. पुढचा नंबर मोतीराम बुवांचा.

"बुवा, बरं आहे ना?"

बुवांनी टोपी काढून पुन्हा घातली. "साहेब," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ते सोबतीचं... कोणीच नसलं तं? घरी बायकोलेही नाई सांगितलं मी."

"या रांगेतलं कोणीबी चालते, बुवा," कौशल्याबाई बाकावरून ओरडल्या. "मी तं रिकामीच हाय. मी बरी झाली ना!"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत डॉ. सावजींना पाणी प्यायला उसंत मिळाली नाही. वरून लगेच पत्र आलं: एकाच दिवसात इतके नैराश्य कसे उद्भवले, याचा खुलासा करावा. मार्तंडरावांनी नोकरीतला सर्वांत छोटा खुलासा पाठवला: "या वेळी उत्तर येईपर्यंत थांबलो." तो समाधानकारक वाटला नाही. पण उद्दिष्ट दुपटीनं ओलांडलेलं असल्यामुळं डॉक्टरांची फेरी बंद होण्याऐवजी महिन्यातून दोनदा झाली.

या यशामुळं शासनाला हुरूप आला आणि योजना निरोगी नागरिकांनाही लागू झाली. मार्तंडराव हल्ली दुपारनंतर घरोघर फिरतात. घरं चांगली असतात, चहा मिळतो. एचआयव्हीच्या केंद्रातून आलो म्हटल्यावर कप मात्र वेगळा मिळतो. "आम्हाला कसलं नैराश्य?" लोक हसून म्हणतात. "ते त्या लोकांना असतं." मार्तंडराव आता थांबायला शिकले आहेत. ते कप खाली ठेवून एवढंच विचारतात, "असू द्या. पण समजा उद्या आलंच, तर सोबतीला कुणाचं नाव लिहू? ज्याला सगळं सांगता येईल असं एक माणूस."

त्यावर घरमालक बायकोकडं पाहतात, मग मोबाइलमधली नावं वरपासून खालपर्यंत सरकवतात, मग पुन्हा खालून वर. "विचार करून कळवतो," म्हणतात.

तुमच्याही नावापुढची ती जागा अजून रिकामी आहे. सावकाश कळवा, मार्तंडराव थांबतील. अगदीच कुणी सुचलं नाही, तर मंगळवारी बिनपाटीच्या खोलीकडं या आणि रांगेत उभे राहा. तिथं तुमच्या पुढचं माणूस चालतं, मागचंही चालतं. पण तुम्हाला त्या रांगेत कुणी पाहिलं तर लोक काय म्हणतील, ते तेवढं आधी ठरवून या.